लहान मनगटासाठी क्रोनोग्राफ घड्याळ निवडताना

भारत आणि एफ्टा (युरोपीय मुक्त व्यापार संघ) गटातील स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलंड व लिक्टेनस्टाइन या चार देशांमध्ये १० मार्च २०२४ रोजी झालेला व्यापार करार १ ऑक्टोबर २०२५ पासून अमलात आला. या करारामुळे स्विस घड्याळांवरील आयात शुल्क टप्प्याटप्प्याने कमी होणार आहे, आणि त्यामुळे घड्याळांचा विषय पुन्हा बोलण्यात आला आहे. शुल्क एकदम उतरणार नसल्याने पुसद किंवा वणीच्या बाजारपेठेत त्याचा परिणाम दिसायला काही वर्षे जातील. मात्र किमतीच्या आधीचा एक प्रश्न आपल्याकडे दर लग्नसराईत उभा राहतो. नवरदेवाला सासरकडून घड्याळ दिले जाते आणि बहुतेक वेळा ते तीन लहान तबकड्यांचे, उजव्या बाजूला दोन बटणे असलेले, भारदस्त दिसणारे घड्याळ असते. दुकानात ते उठून दिसते, पण सडपातळ मुलाच्या हातात घातल्यावर त्याच्या दोन्ही कडा मनगटाबाहेर येतात आणि काही महिन्यांत ते कपाटात जाऊन बसते. हे टाळायचे असेल तर अशा घड्याळाची रचना थोडी समजून घ्यावी लागते.

क्रोनोग्राफ म्हणजे काय

ज्या घड्याळात नेहमीची वेळ दाखवण्याच्या यंत्रणेसोबत थांबवता आणि पुन्हा शून्यावर आणता येणारे स्टॉपवॉच असते, त्याला क्रोनोग्राफ म्हणतात. वरचे बटण दाबले की मधला लांब सेकंदकाटा धावू लागतो, पुन्हा दाबले की थांबतो, आणि खालचे बटण दाबले की शून्यावर परततो. किती मिनिटे व किती तास गेले, याचा हिशेब लहान तबकड्यांवर राहतो. साधी वेळ दाखवणारे काटे या सगळ्यात अजिबात थांबत नाहीत. ट्रॅक्टरचे इंजिन चालूच असते आणि पीटीओची, म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या अवजाराला देणाऱ्या जोडणीची, लिव्हर लावली की त्याच इंजिनावर रोटाव्हेटर फिरू लागतो, तसेच चावीच्या घड्याळात मुख्य चक्रांची फिरती ताकद एका क्लचमधून स्टॉपवॉचच्या चक्रांना दिली जाते.

हे यंत्र जन्माला आले तेही शर्यतींच्या नादात. निकोला रियुसेक या फ्रेंच घड्याळजीने १८२१ साली पॅरिसच्या घोड्यांच्या शर्यतींत एक उपकरण वापरले, जे घोडा सीमारेषा ओलांडताच फिरत्या तबकडीवर शाईचा ठिपका टाकत असे. ‘काळ लिहिणारे’ या अर्थाचे क्रोनोग्राफ हे नाव त्या शाईमुळे पडले. तळेगाव दशासरचा शंकरपट पाहिलेल्यांना या इतिहासाचे नवल वाटू नये, कारण बैलजोडीने ठरलेले अंतर किती सेकंदांत कापले यावरच तिथे निकाल लागतो.

लहान मनगट कोणते?

शिंप्याच्या टेपने, जिथे घड्याळ बसते त्याच जागी मनगटाचा घेर मोजावा. टेप नसेल तर सुतळी गुंडाळून ती पट्टीवर धरली तरी चालते. घेर साडेसहा इंचांच्या, म्हणजे सुमारे साडेसोळा सेंटिमीटरच्या खाली असेल तर मनगट लहान समजावे. उन्हाळ्यात आणि संध्याकाळी हात थोडा फुगतो, म्हणून सकाळी व संध्याकाळी असे दोनदा मोजणे बरे.

घेरापेक्षा अधिक उपयोगाचे माप मात्र दुसरेच आहे. हात टेबलावर पालथा ठेवून मनगटाच्या वरच्या बाजूची रुंदी मिलिमीटरमध्ये मोजावी, कारण घड्याळ त्याच पृष्ठभागावर बसते. घेर सारखा असला तरी एकाचे मनगट चपटे व रुंद असते आणि दुसऱ्याचे गोल व अरुंद. चपट्या मनगटाचा माणूस जे घड्याळ सहज वापरतो, तेच घड्याळ गोल मनगटावर एका बाजूला कलते. ही रुंदी वहीत लिहून ठेवली की पुढची अर्धी निवड तिथेच होते.

डायल केवढी, हा प्रश्न अपुरा आहे

दुकानात गिऱ्हाईक डायल केवढी आहे असे विचारते आणि दुकानदार केसचा, म्हणजे घड्याळाच्या धातूच्या डबीचा, व्यास सांगतो. ४० मिलिमीटर, ४२ मिलिमीटर हे आकडे त्या व्यासाचे असतात. परंतु घड्याळ मनगटावर आडवे किती पसरेल, हे व्यासावरून ठरत नाही. पट्टा अडकवण्यासाठी केसला वर दोन आणि खाली दोन अशी चार टोके असतात, त्यांना लग म्हणतात. वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंतचे सरळ अंतर म्हणजे लग-टू-लग, आणि मनगटाच्या रुंदीशी गाठ पडते ती या मापाची. मनगटाची रुंदी ५० मिलिमीटर असेल तर ४५ ते ४७ मिलिमीटर लग-टू-लग असलेले घड्याळ नीट बसते. ५० च्या पुढे गेले की पट्टा टोकांवरून सरळ खाली लोंबतो आणि बाजूला फट दिसते.

व्यास किती फसवा ठरू शकतो, याचे चांगले उदाहरण म्हणजे १९६९ साली अंतराळवीरांसोबत चंद्रावर गेलेल्या ओमेगा स्पीडमास्टरचे. आज मिळणाऱ्या त्याच्या मुख्य मॉडेलचा व्यास ४२ मिलिमीटर असल्याने लहान मनगटाचा माणूस ते हातात घेण्याआधीच नाही म्हणतो. मात्र त्याच्या केसची उजवी बाजू चावी आणि बटणांच्या संरक्षणासाठी मुद्दाम फुगवलेली आहे, लग खाली वळलेले आहेत आणि लग-टू-लग साडेसत्तेचाळीस मिलिमीटरच्या आसपास आहे. उलट, ४० मिलिमीटर व्यासाचे पण लांब आणि सरळ लग असलेले घड्याळ त्याच हातावर अधिक मोठे वाटू शकते. या घड्याळाची किंमत आपल्यापैकी बहुतेकांच्या आवाक्याबाहेर आहे हे खरे, तरी मापांचा हा नियम पाच हजारांच्या घड्याळालाही तसाच लागू पडतो.

नजरेचाही यात वाटा असतो. काचेभोवतीची कडा, जिला बेझेल म्हणतात, ती काळी आणि रुंद असेल तर तबकडी लहान दिसते. कडा बारीक आणि तबकडी पांढरी असेल तर तेच माप मोठे भासते. चेन घेतली तर तिची पहिली कडी लगच्या पुढे ताठ उभी राहते की लगेच खाली वाकते, हेही पाहावे, कारण ताठ राहणारी कडी लग-टू-लग दोनचार मिलिमीटरने वाढवल्यासारखीच असते.

खरी अडचण जाडीची

माझ्या मते लहान मनगटाला क्रोनोग्राफ शोभत नाही असे जे म्हटले जाते, त्याचे मूळ व्यासापेक्षा जाडीत अधिक आहे. स्टॉपवॉचची चक्रे, तरफा आणि क्लच हे सगळे वेळेच्या यंत्रणेवर रचलेले असल्याने मशीन उंच होते. अनेक स्विस घड्याळांत वापरले जाणारे व्हॅलजू ७७५० हे ऑटोमॅटिक, म्हणजे हाताच्या हालचालीने आपोआप चावी भरणारे, क्रोनोग्राफ मशीन एकटेच ७.९ मिलिमीटर जाड आहे, तर केवळ वेळ आणि तारीख दाखवणारे ईटीए २८२४ हे ऑटोमॅटिक मशीन ४.६ मिलिमीटरचे आहे. त्यावर तबकडी, काटे, काच आणि मागचे झाकण आले की ७७५० चे घड्याळ सहज १४ मिलिमीटरच्या आसपास जाते. रुंद मनगटावर ही उंची खपून जाते. अरुंद मनगटावर घड्याळ टेकडीसारखे उभे राहते, शर्टाच्या बाहीत अडकते, आणि त्याचे वजन मध्यावरून सरकताच एका बाजूला घसरते.

म्हणून लहान मनगटासाठी १३ मिलिमीटर ही वरची मर्यादा धरावी आणि १२ च्या खाली मिळाले तर आनंदच मानावा. मात्र ही जाडी कुठे आहे हेही बघावे लागते. काच फुगीर असल्यामुळे वाढलेली जाडी डोळ्यांना फारशी जाणवत नाही, पण मागचे झाकण पोटासारखे बाहेर आले असेल तर घड्याळ मनगटावर टेकतच नाही. दुकानात घड्याळ आडवे धरून बाजूने पाहिले की हा फरक लगेच कळतो, तरी समोरून आरशात पाहणारे बहुतेक लोक हे करीत नाहीत.

वजनही जाडीबरोबर येते. स्टीलऐवजी टायटॅनियमची केस असेल तर घड्याळ सुमारे ४० टक्के हलके होते आणि बारीक हातावर कमी हलते. किंमत मात्र त्या प्रमाणात वाढते.

मशीन कोणते घ्यावे?

बाजारात मुख्यतः तीन प्रकार मिळतात. चावीचे किंवा ऑटोमॅटिक क्रोनोग्राफ पूर्णपणे यांत्रिक असतात. यांतले चावीचे मशीन तुलनेने पातळ असते, कारण हाताच्या हालचालीने फिरणारे वजन त्यात नसते. चीनच्या तियानजिनमधील सीगल कंपनीचे एसटी १९ मशीन या प्रकारातले आहे. १९६१ साली चिनी हवाई दलासाठी सुरू झालेल्या प्रकल्पातून, व्हीनस १७५ या स्विस मशीनच्या आधारावर ते घडले आणि आज ३८ मिलिमीटरच्या अनेक परवडणाऱ्या घड्याळांत दिसते. ऑटोमॅटिकमध्ये झेनिथचे एल प्रिमेरो हे १९६९ पासूनचे नामांकित मशीन असून, २०२१ मध्ये आलेले झेनिथचे क्रोनोमास्टर ओरिजिनल ३८ मिलिमीटरचे आहे.

दुसरा प्रकार क्वार्ट्झचा, म्हणजे सेलवर चालणारा. त्यात दर सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावणारा स्फटिक वेळ सांभाळतो. यांत्रिक घड्याळाच्या तुलनेत त्याची अचूकता फार अधिक आणि देखभाल फार कमी असते. यातलाच एक उपप्रकार मेका-क्वार्ट्झ म्हणून ओळखला जातो. त्यात वेळ सेल सांभाळतो, पण स्टॉपवॉचचा काटा यांत्रिक पद्धतीने चालतो व खालचे बटण दाबताच उडी मारून शून्यावर येतो. तिसरा प्रकार उजेडावर भारित होणारा सोलर. सेइकोच्या प्रोस्पेक्स स्पीडटायमर मालिकेतील ३९ मिलिमीटरचे सोलर मॉडेल याचे ठळक उदाहरण आहे. त्याचे लग-टू-लग ४५.५ मिलिमीटर, तर जाडी काचेचा फुगवटा धरून १३.३ मिलिमीटर आहे, आणि पूर्ण भारित झाल्यावर ते अंधारातही सुमारे सहा महिने चालते. मी सांगितलेल्या मर्यादेच्या जाडी किंचित वर असली, तरी लग-टू-लग इतके आखूड आहे की साडेसहा इंचांच्या आतल्या हातालाही ते एकदा घालून पाहण्यासारखे आहे.

खेड्यात राहणाऱ्या माणसाला मी क्वार्ट्झ, मेका-क्वार्ट्झ किंवा सोलर याच क्रमाने सुचवीन, आणि त्याचे कारण दुरुस्तीत आहे. सेल बदलून देणारा घड्याळवाला तालुक्याच्या बसस्थानकाजवळ सापडतो. यांत्रिक क्रोनोग्राफ उघडून, साफ करून, तेल घालून पुन्हा जुळवणारा कारागीर जिल्ह्याच्या ठिकाणीही सहज सापडत नाही. घड्याळ नागपूरला किंवा थेट कंपनीच्या केंद्राकडे पाठवावे लागते, आणि एका सर्व्हिसिंगचा खर्च काही वेळा एखाद्या चांगल्या क्वार्ट्झ घड्याळाच्या किमतीइतका होतो. यांत्रिक घड्याळाची हौस असणाऱ्याने ते अवश्य घ्यावे, फक्त हा खर्च आधीच धरून चालावा.

मोबाईलमध्ये स्टॉपवॉच आहे, मग हे कशाला?

हा आक्षेप रास्त आहे, आणि निव्वळ गरजेचा विचार केला तर मोबाईल पुरेसा आहे. तरीही खिशातून फोन काढणे, कुलूप उघडणे आणि ॲप शोधणे यात जो वेळ जातो, त्यात मोजायची गोष्ट घडून गेलेली असते. मनगटावरचे बटण न बघताही दाबता येते.

क्रोनोग्राफच्या कडेवर छापलेल्या मापपट्ट्या बहुतेकांना नक्षी वाटतात. त्यातली सर्वांत प्रचलित पट्टी म्हणजे वेग सांगणारी टॅकिमीटर. एक किलोमीटर कापायला किती सेकंद लागले ते मोजायचे आणि काटा थांबला तिथला आकडा वाचायचा, तोच ताशी वेग. यामागचे गणित ३६०० भागिले सेकंद इतकेच आहे. समृद्धी महामार्गावर शेजारच्या सीटवरून एका किलोमीटरच्या खुणेपासून दुसऱ्या खुणेपर्यंत ३० सेकंद भरले तर गाडी ताशी १२० किलोमीटरने चालली आहे, ४५ भरले तर ८० ने. बहुतेक पट्ट्या ताशी ६० पासून पुढे असल्याने आपल्या गावरस्त्यावरची एसटी त्यात मावत नाही. त्यावर उपाय असा की अर्धाच किलोमीटर मोजावा आणि आलेला आकडा निम्मा करावा.

विदर्भात अधिक कामाची पट्टी टेलिमीटर आहे. वीज चमकताच बटण दाबायचे आणि गडगडाट ऐकू येताच थांबवायचे. आवाजाला एक किलोमीटर यायला सुमारे तीन सेकंद लागतात, म्हणून १२ सेकंद म्हणजे वीज साधारण चार किलोमीटरवर पडली. चमक आणि गडगडाट यांत ३० सेकंदांपेक्षा कमी अंतर असेल तर धोका जवळ आहे असे समजून पक्क्या घरात जावे, झाडाखाली थांबू नये, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये, असा सर्वमान्य नियम आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेचे दामिनी ॲप विजेची पूर्वसूचना देते आणि ते फोनमध्ये असायलाच हवे, परंतु वावरात रेंज नसते तेव्हा हे मोजमाप हाताशी राहते. टेलिमीटरची पट्टी नसेल तर सेकंदांना तीनने भागावे.

नाडी मोजण्यासाठी पल्सोमीटरची पट्टी असते. ती ३० ठोक्यांची असेल तर बटण दाबून ३० ठोके मोजायचे आणि काटा थांबवायचा. २५ सेकंद लागले असतील तर पट्टी ७२ दाखवते. लहान मुलांच्या श्वासाची गती पूर्ण एक मिनिट मोजावी लागते आणि गावोगावच्या आशाताई व परिचारिका हे काम करतात. धावत्या काट्याकडे बघून कुठून मोजायला सुरुवात केली हे लक्षात ठेवण्यापेक्षा शून्यापासून निघणारा काटा केव्हाही सोयीचा.

इथे लहान घड्याळाची एक मर्यादाही सांगायला हवी. ३८ मिलिमीटरच्या तबकडीवर तीन उपतबकड्या, तारखेची खिडकी आणि दोन पट्ट्या कोंबल्या की चाळिशी ओलांडलेल्या डोळ्यांना काहीच वाचता येत नाही. लहान आकारात दोन उपतबकड्यांचे आणि एकाच पट्टीचे घड्याळ घ्यावे. तारीख नसली तरी काही बिघडत नाही.

लहान घड्याळ पुरुषाच्या हाताला बायकी दिसते का?

नाही. आपल्या आजोबांच्या लग्नातली एचएमटी जनता सुमारे ३५ मिलिमीटरची होती आणि तिला कोणी बायकी म्हटले नाही. गेल्या शतकाच्या मध्यात क्रोनोग्राफही ३५ ते ३८ मिलिमीटरचेच असत. ४४ आणि ४६ मिलिमीटरची चाल अलीकडची आहे. उलट बाजूने पाहिले तर ३८ किंवा ३९ मिलिमीटरचा क्रोनोग्राफ स्त्रियांनीही वापरावा असाच असतो, आणि दुकानात तो पुरुषांच्या कपाटात ठेवलेला असतो एवढ्यावरून मागे हटू नये.

फर्स्ट कॉपी आणि ऑनलाइन खरेदी

आठवडी बाजारात आणि मोबाईलवरच्या जाहिरातींत मोठ्या नावांची फर्स्ट कॉपी हजार-पंधराशे रुपयांत मिळते. त्यातल्या अनेकांच्या उपतबकड्या केवळ छापलेल्या असतात किंवा त्यांवर तारीख-वार फिरत असतात, आणि बटणे दाबली तरी स्टॉपवॉच चालत नाही. वरचे बटण दाबून मधला काटा धावतो का, पुन्हा दाबल्यावर थांबतो का आणि खालच्या बटणाने बरोबर बारावर येतो का, एवढे तीन सेकंदांत तपासता येते. खऱ्या क्वार्ट्झ घड्याळातही सेल बदलल्यावर हा काटा कधी कधी बारापासून एक-दोन खुणा सरकतो. तो दोष मानू नये, कारण बहुतेक मॉडेलमध्ये चावी बाहेर ओढून बटणांनी तो जागेवर आणता येतो.

ऑनलाइन मागवताना व्यास, लग-टू-लग आणि जाडी हे तिन्ही आकडे मिळाल्याशिवाय पैसे भरू नयेत. आकडे मिळाले की जाड पुठ्ठ्यावर त्या मापाची आकृती कापून मनगटावर ठेवून पाहावी. दुकानात घेत असाल तर घड्याळ घालून तळहात काउंटरवर टेकवावा आणि मनगट मागे वाकवावे. चावी किंवा बटण हाताच्या पाठीत रुतत असेल तर मोटारसायकलच्या हँडलवर ते रोज रुतणार आहे.

ऊन, पाऊस आणि फवारणी

क्रोनोग्राफला चावीसोबत दोन बटणांची भोके असतात, त्यामुळे पाणी शिरण्याच्या जागा साध्या घड्याळापेक्षा जास्त. मागे ३० मीटर किंवा ३ बार लिहिले असेल तर ते हात धुताना उडणाऱ्या पाण्यापुरते आहे, तीस मीटर खोल विहिरीसाठी नाही. आपल्या पावसाळ्यासाठी ५० मीटर बरे, १०० मीटर अधिक बरे. ओल्या हाताने बटणे मात्र कोणत्याही घड्याळात दाबू नयेत, कंपनीने स्पष्ट परवानगी दिली असेल तरच अपवाद.

पारा पंचेचाळिशीच्या पुढे जातो तेव्हा कातडी पट्टा घामाने काळवंडतो आणि वास मारू लागतो, म्हणून उन्हाळ्यासाठी रबराचा किंवा नायलॉनचा वेगळा पट्टा ठेवावा. मात्र मनगटाखालून जाणारा एकसंध नायलॉन पट्टा घड्याळ आणखी उंच करतो. जाड क्रोनोग्राफला दोन तुकड्यांचाच पट्टा लावावा. सोलर घड्याळ भारित करायचे म्हणून गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात ठेवू नये, खिडकीजवळचा उजेड त्याला पुरतो. कीटकनाशक फवारताना कोणतेही घड्याळ काढून ठेवावे, कारण पट्ट्याखाली साचलेले औषध तासन्‌तास कातडीला लागून राहते.

चेनचे घड्याळ घेतल्यास लहान मनगटासाठी बऱ्याच कड्या काढाव्या लागतात. त्या बकलच्या दोन्ही बाजूंनी सारख्या काढल्या तर बकल मनगटाखाली मध्यावर राहते. कड्या काढून घेण्याआधी आणखी किती काढता येतील ते दुकानदाराला विचारावे, कारण काही चेनमध्ये लगजवळच्या कड्या निघत नाहीत आणि साडेपाच-सहा इंचांच्या मनगटावर चेन ढिलीच राहते. काढलेल्या कड्या व त्यांच्या पिना मागून घेऊन पावतीसोबत ठेवाव्यात, कारण त्या नंतर सुट्या मिळणे कठीण जाते.